देवरे नानांची वायर

देवरे नाना कुणाच्याही घरी जाण्याआधी त्या घराला पिंग करत.

पिंग म्हणजे एका कॉम्प्युटरनं दुसऱ्याला मारलेली हाक. समोरचा चालू असला तर ओ देतो. बंद असला तर थोडी वाट बघून पडद्यावर तसं लिहून येतं. ही सोय यंत्रं तपासण्यासाठी आहे. नानांनी ती माणसांसाठी वापरली. तिसऱ्या मजल्यावरच्या आपल्या घरात बसून ते तुमच्या घराचा नंबर टाइप करत, उत्तर आलं की चपला घालून खाली येत आणि दारात उभं राहून सांगत, "चालू दिसलात, म्हणून आलो." उत्तर नाही आलं तर येत नसत. वीज गेली की ते कुणाकडेच जात नसत, आणि त्या काळी भारनियमन रोजचंच होतं. मग नाना जिन्याच्या पायरीवर हवा खात बसायचे आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला सरकून वाट द्यायचे.

मी त्यांना एकदा म्हटलं, नाना, दाराला बेल आहे की. तर म्हणाले, "बेल वाजवली की माणसाला उठावं लागतं. पिंगला कुणी उठत नाही."

ही इंदिरानगरमधल्या आमच्या जुन्या इमारतीची गोष्ट. ब्रॉडबँड नाशकात नुकतं आलं होतं. मी सातपूरच्या एका कारखान्यात संगणक विभागात नोकरीला होतो आणि पहिल्या मजल्यावर भाड्यानं राहायचो. मूळचा मी नांदगावचा. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिलाच, त्यामुळं दारावरच्या पाटीवर नावापुढं बी.एस्सी. लिहून घेतलं होतं. काहींना ते हसू येण्यासारखं वाटायचं. वाटू दे. ज्यांच्या घरात तीन पिढ्या शिकलेल्या असतात, त्यांना पाटीची गरज नसते. मला होती.

नानांनी ती पाटी पहिल्याच दिवशी वाचली आणि तेव्हापासून मला नावानं हाक मारली नाही. "काय बीएस्सी, काय म्हणतंय सातपूर?" एवढंच. ते स्वतः टेलिफोन खात्यातून निवृत्त झालेले, सटाण्याकडचे. त्यांच्या मंडळी मी राहायला येण्याआधीच वारल्या होत्या. मूलबाळ नव्हतं. घरात एक पलंग, एक टेबल आणि बाकी सगळी वायर.

अख्ख्या इमारतीत ब्रॉडबँडचं कनेक्शन एकच होतं, नानांच्या घरात. तिथून त्यांनी सगळ्या बिऱ्हाडांना वायरी टाकल्या होत्या. गच्चीवर पाण्याच्या टाकीशेजारी पत्र्याचा एक डबा, डब्यात एका वायरीच्या अनेक करणारा स्विच, आणि त्यातून निघालेल्या निळ्या वायरी सांडपाण्याच्या पाइपाच्या आधारानं खाली उतरून ज्याच्या त्याच्या खिडकीतून आत. हे नियमात बसतं का, असं मी एकदाच विचारलं. "उभी नोकरी खात्यात गेली माझी, मला नियम विचारता?" असं म्हणून त्यांनी विषय बदलला.

नेटवर्कमध्ये प्रत्येक कॉम्प्युटरला एक पत्ता लागतो, आकड्यांचा. हल्ली तो आपोआप मिळतो. तेव्हाही मिळायचा, पण नानांना ते पसंत नव्हतं. आपोआप मिळालेला पत्ता म्हणजे धर्मशाळेतली खोली, असं ते म्हणत. आज तुम्ही, उद्या दुसरा कुणी. म्हणून त्यांनी प्रत्येक घरात जाऊन, खुर्ची ओढून, चहा घेऊन, हातानं पत्ते घातले होते. एवढ्यावर थांबले असते तर ठीक होतं. पण विसरू नये म्हणून त्यांनी ते ऑइलपेंटनं प्रत्येकाच्या दारावर, नावाच्या पाटीखाली लिहिले. १९२.१६८.१ आणि पुढं ज्याचा त्याचा आकडा. माझी पदवी आणि नानांचा पत्ता एकाखाली एक होते. एकदा एक कुरिअरवाला तो फोन नंबर समजून बराच वेळ जिन्यात फिरवत बसला होता.

काही बिघडलं की नानांचं पहिलं वाक्य ठरलेलं. "आधी जवळचं बघा." नेट बंद पडलं की लोक थेट कंपनीला शिव्या देत, आणि नाना गुडघ्यांवर बसून टेबलाखालची पिन दाबून बघत. बहुतेक वेळा ती सैलच असायची. मी त्यांची थट्टा करत असलो तरी हे कबूल करतो की ही पद्धत बरोबर होती. फक्त एकदा ती चालली नाही. ती मनीषाच्या वेळी.

मनीषा ही दुसऱ्या मजल्यावरच्या सरोदेकाकूंची सून. पुण्यात एका सॉफ्टवेअर कंपनीत कामाला होती. बाळंतपणाला नाशकात आली, मुलगी झाली, रजा संपत आली. नवरा फिरतीच्या नोकरीवर. मुलीला सोडून पुण्याला जायचं की नोकरी सोडायची, असा प्रश्न होता. तिच्या साहेबानं मधला मार्ग काढला. लॅपटॉप पाठवला आणि सांगितलं की पंधरा दिवस घरून काम करून दाखव. जमलं तर वर्षभर तसंच चालू ठेवू. नाही जमलं, तर एक तारखेला पुण्यात हजर व्हायचं, नाहीतर राजीनामा.

घरून काम हा प्रकार तेव्हा इमारतीत कुणी ऐकलेला नव्हता. सरोदेकाकूंनी मात्र तो लगेच मनावर घेतला. दुपारच्या वेळी त्या जिन्यात उभ्या राहून भाजीवाल्याला आवाज कमी करायला सांगत. "आमच्याकडं ऑफिस चालू आहे," म्हणत.

कंपनीनं मनीषाला व्हीपीएन दिलं होतं. म्हणजे इंटरनेटच्या पोटातून खणलेला खासगी बोगदा. एक तोंड तिच्या टेबलावर, दुसरं पुण्याच्या ऑफिसात. एकदा बोगदा जोडला की ती जणू पुण्यातच बसली आहे. पहिल्या दिवशी तो जोडला गेला. पडद्यावर तसं आलंही. मग तिनं हजेरी लावायला ऑफिसच्या आतलं पान उघडलं, ज्याचा पत्ता वीस या आकड्यानं संपत होता, आणि समोर लिहून आलं की शाई संपत आली आहे आणि कागदाचा ट्रे रिकामा आहे.

तिनं बिचारीनं फोनवर साहेबाला तसं कळवलं. साहेब म्हणाले, आपल्या ट्रेमध्ये भरपूर कागद आहेत.

प्रिंटर नानांचा होता. जुन्या बाजारातून आणलेला, अख्ख्या इमारतीचा मिळून एकच, त्यांच्याच टेबलावर ठेवलेला. नानांनी त्याला वीस नंबर दिला होता. सरोदेकाकू वरच्या मजल्याकडं तोंड करून म्हणाल्या, "नाना, तुमची शाई संपली म्हणे. पुण्याहून कळलं."

नाना आले. आधी जवळचं बघितलं. दोन्ही टोकांच्या पिना कापून नव्या बसवल्या. खिडकीतली वायर बदलली. खात्यातला जुना तपासणीचा फोन त्यांच्या कमरेला असायचा, तो लावून वायर ऐकली. त्या वायरीत ऐकू येण्यासारखं काही नसतं हे त्यांनाही माहीत होतं, पण ऐकल्याशिवाय त्यांना बरं वाटत नसे. मनीषा मुलीला मांडीवर घेऊन बघत राहिली. शेवटी ती म्हणाली की नाना, नेट तर चालू आहे. नाना म्हणाले, "मग काय बंद आहे?" तिला ते सांगता येईना.

संध्याकाळी मी कामावरून आलो तेव्हा काकू जिन्यातच उभ्या होत्या. मी वर जाऊन लॅपटॉपमधला रस्त्यांचा तक्ता उघडला. कुठल्या पत्त्याला जायचं तर कुठल्या वाटेनं, हे प्रत्येक कॉम्प्युटर त्यात मांडून ठेवतो. एक नजर टाकली आणि घोळ कळला. पुण्याच्या ऑफिसनंही आपल्या यंत्रांना तेच पत्ते दिले होते, १९२.१६८.१ वाले. नानांनी आमच्या इमारतीला दिले तेच.

काकूंना मी समजावून सांगितलं की समजा पुण्यातल्या इमारतीत वीस नंबरची खोली आहे आणि आपल्याही इमारतीत आहे. मनीषा पोस्टमनला म्हणते, वीस नंबरला चिठ्ठी दे. पोस्टमन बघतो, वीस नंबर तर इथंच आहे, कशाला पुण्याला जा. तो जिना चढून नानांच्या प्रिंटरला देऊन येतो. बोगदा उघडा आहे, पण त्यात कुणी शिरतच नाही.

काकूंनी विचार केला. "मग पुण्यानं नंबर बदलावा. आपण आधी राहायला आलोय."

नानांनी समजूतदारपणा दाखवला. प्रिंटरला वीसवरून उठवून दुसरा नंबर दिला आणि म्हणाले, आता जागा रिकामी केली, जाऊ द्या पुण्याला. पण त्यानं काही झालं नाही. फक्त शाईची बातमी बंद झाली. पोस्टमनला गल्ली इथलीच वाटत होती. घर रिकामं दिसलं म्हणून तो गल्लीबाहेर जात नव्हता, दारात उभा राहून परत येत होता. मग मी तक्त्यात हातानं एक ओळ टाकली की या एका पत्त्यापुरतं बोगद्यानंच जायचं. पान उघडलं. मनीषा हसली. काकूंनी मला बेसनाचा लाडू दिला आणि म्हणाल्या, शिकलेल्या माणसाचं वेगळंच. ते मला आवडलं, खोटं कशाला बोलू.

दुसऱ्या दिवशी सकाळी पान बंद. कारण बोगदा दर वेळी नवा जोडला की तिच्या बाजूच्या तोंडाला नवा नंबर मिळायचा, आणि माझी ओळ जुन्या तोंडाकडं बोट दाखवत राहायची. मी तिला ओळ बदलायला शिकवलं. ती शिकलीही. पण ऑफिसात तसलं एकच यंत्र नव्हतं, आणि प्रत्येकाला वेगळी ओळ. त्यातून आपल्याकडची वीज. बैठक रंगात यायची, वीज जायची, बोगदा तुटायचा, आणि ही एका हातानं मुलीला धरून दुसऱ्या हातानं पुन्हा सगळ्या ओळी टाइप करायची. एके दिवशी साहेबांचे साहेब बैठकीला होते आणि नेमकी मनीषाची पाळी आली तेव्हा ती बोगद्याबाहेर होती. संध्याकाळी साहेबाचा फोन आला. माणूस वाईट नव्हता. एवढंच म्हणाला की हा आठवडा बघू, पुढं माझ्या हातात नाही.

खरा उपाय मला पहिल्या दिवसापासून माहीत होता. पुणं पत्ते बदलणार नाही. आपण बदलायचे. एक रविवार काढायचा, प्रत्येक घरात जायचं, तिसऱ्या आकड्यात एकच्या जागी सत्तावन्न टाकायचं, की दोन गल्ल्या वेगळ्या. मी नानांना तसं सांगितलं.

नाना म्हणाले, "दारांवर लिहिलंय."

मी म्हटलं, रंग मी आणतो.

"लोकांच्या तोंडी बसलंय."

मी म्हटलं, नाना, स्पष्ट बोलतो, राग मानू नका. इमारतीत तो नंबर तुमच्याशिवाय कुणालाच पाठ नाही.

ते वर निघून गेले.

त्यानंतर दोन दिवस नाना कुणाच्या दारात आले नाहीत. गच्चीवरही दिसले नाहीत. सकाळी सायकल घेऊन बाहेर पडत आणि अंधार पडायच्या सुमाराला परत येत. काकूंनी निष्कर्ष काढला की रुसले. माझ्या सुनेची नोकरी चाललीय आणि या माणसाला दारावरच्या रंगाची पडलीय, असं त्या जिन्यात, नानांच्या घरापर्यंत पोहोचेल अशा बेतानं, बोलल्या. मनीषानं मात्र पुण्यातल्या मैत्रिणीला खोलीबद्दल विचारून ठेवलं होतं. मुलीला वरचं दूध सुरू करायचं का, हेही काकूंशी बोलून झालं होतं.

शनिवारी मी अर्ध्या दिवसानं घरी आलो, तर फाटकासमोरच्या टेलिफोनच्या खांबाला शिडी लावलेली. वर लाइनमन, आणि खाली शिडी धरून नाना. ते वरच्याला सारखे काही ना काही सांगत होते आणि तो बिचारा "हो नाना, हो नाना" करत होता.

नवं कनेक्शन मागितलं की तेव्हा आठवडेच्या आठवडे जायचे. नाना दोन दिवस आपल्या जुन्या ऑफिसात जाऊन बसले होते. काही बोलले नाहीत, भांडले नाहीत. तिथल्या साहेबाच्या टेबलासमोरच्या खुर्चीत नुसते बसले. तो साहेब एके काळी त्यांच्या हाताखाली शिकलेला. पहिल्या दिवशी त्यानं चहा पाजला, दुसऱ्या दिवशी लाइनमन दिला. हे मला लाइनमननंच सांगितलं.

मनीषाच्या टेबलावर तिचा स्वतःचा फोन आला, स्वतःचं मोडेम आलं. गंमत म्हणजे नवं मोडेमही येताना तेच जुने पत्ते घेऊन आलं होतं. कारखान्यातून तसंच निघतं. मी पुढं सरकलो, पण नाना आधीच खुर्ची ओढून बसले होते. त्यांनी ते पान उघडलं, तिसऱ्या आकड्यातला एक खोडला आणि तिथं सत्तावन्न टाकलं. माझ्याकडं बघितलं नाही. मग आपली निळी वायर लॅपटॉपमधून उपटली. मनीषानं बोगदा जोडला, ऑफिसचं पान उघडलं, बंद केलं, परत जोडलं, परत उघडलं. दर वेळी उघडत होतं. काकूंनी चष्मा लावून पडदा पाहिला आणि विचारलं, "शाईचं काही म्हणत नाही ना?"

नाना खिडकीतून वायर ओढत गच्चीवर गेले. मीही मागोमाग गेलो. ते कोपर आणि पंज्याभोवती वायर गुंडाळत होते, खात्यात गुंडाळतात तशी, एकसारखी.

मला राहवलं नाही. मी म्हटलं, नाना, सत्तावन्न तुम्हाला मान्य होतं, तर अख्ख्या इमारतीलाच दिलं असतं की. मनीषाही तुमच्या वायरीवर राहिली असती. आता एकीनं स्वतःची लाइन घेतली, उद्या दुसरा घेईल.

"घेतील ना."

"मग?"

"तिची नोकरी या डब्यावर लटकवायची का, बीएस्सी?" त्यांनी पत्र्याच्या डब्याला पाय हलकेच टेकवला. "यात पाल शिरते. पाणी शिरतं. उद्या मी मरतो. तिनं साहेबाला काय सांगायचं, नाना वारले म्हणून सर्व्हर दिसत नाही?"

मी हसलो. ते हसले नाहीत. वायर गुंडाळून झाली होती, तरी टोक हातातच होतं.

"आमच्या मंडळी ऑपरेटर होत्या," ते म्हणाले. "सटाण्याच्या एक्स्चेंजला. माझी बदली झाली, त्यांची झाली नाही. मी थोडं थांबलो असतो, कुणाला भेटलो असतो, तर त्यांचीही झाली असती. नाही भेटलो. त्यांनी राजीनामा दिला."



"दिल्यावर मी म्हटलं, बरं झालं." त्यांनी वायरीचं टोक वेटोळ्यात खोचलं. "असं म्हणालो मी त्यांना. बरं झालं."

एवढं बोलून ते जिना उतरले.

पुढं नाना म्हणाले तसंच झालं. बाकीच्यांनी हळूहळू आपापल्या लाइनी घेतल्या. प्रत्येक जण आधी नानांकडंच जायचा, आणि नाना त्याच्याबरोबर ऑफिसात जाऊन काम करून द्यायचे. दर लाइनीमागं एक निळी वायर गुंडाळली जायची. मनीषाचं वर्षभराचं काम पक्कं झालं, नंतर ते आणखी लांबलं.

तिची बैठक दुपारी तीनला असायची. त्या वेळी मुलगी रडली की पलीकडं पुण्यात ऐकू जायचं. म्हणून बैठकीच्या वेळी नाना मुलीला खाली घेऊन जायला लागले. हे कधी ठरलं, कुणी कुणाला विचारलं, मला माहीत नाही. काकूंनाही सांगता आलं नाही.

एकदा तापामुळं मी दुपारी घरी होतो. खिडकी फाटकाकडची. खाली नाना मुलीला कडेवर घेऊन टेलिफोनच्या खांबाशी उभे होते. नाना इमारतीत सगळ्यांशी शुद्ध नाशकातलं मराठी बोलत, माझ्याशीसुद्धा. मी नांदगावचा, मला अहिराणी कळते, हे त्यांना ठाऊक होतं. तरी इतक्या वर्षांत तिच्यातला एक शब्द मी त्यांच्या तोंडून ऐकला नव्हता. ती त्यांची घरातली बोली असणार, आणि घरात आता कुणी नव्हतं.

ते खांबावरून निघालेल्या एका वायरीकडं बोट करत होते. मुलगी वायरीकडं न बघता त्यांच्या बोटाकडंच बघत होती.

"ती देख," नाना तिला सांगत होते. "ती तुनी मायनी लाइन शे."